कुसळांचे दिवस

नाशिककरांची थंडी निफाडपासून सुरू होते. शहरात कितीही काकडलो तरी आपला आकडा आपल्याला पुरत नाही. सकाळी पेपर उघडला की नजर आधी निफाडवर. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा सहावर आला, पाचवर आला, दवबिंदू गोठले, ही बातमी दर हिवाळ्यात एकदा तरी येतेच. २०१८ च्या डिसेंबरात तर तो दोनच्याही खाली गेला होता. आणि ते वाचून पंचवटीपासून सिडकोपर्यंत सगळ्यांची छाती उगाच फुगते, थंडी जणू आपणच पिकवली. मुंबईच्या नातेवाइकांना फोन जातात. "तुमच्याकडे वीस? मग काय पंखा लावून झोपता का?"

निफाडच का, हे मला कळायला बरीच वर्षं लागली, आणि कळलं ते पुस्तकातून नव्हे, डोंगरावर जाऊन. आभाळ निरभ्र, हवा कोरडी आणि वारा पडलेला असला की रात्री जमीन दिवसभराची ऊब आभाळात सोडून देते. जमिनीलगतची हवा गार होते. गार हवा जड, त्यामुळे ती उतार धरून खाली सरकते आणि खोलगटात साचते. गोदावरी आणि कादवेचा तो सपाट, बागायती, काळ्या मातीचा पट्टा म्हणजे अशा हवेला बसायला मिळालेली ऐसपैस जागाच. ती पहाटे तिथून हलायचं नावच घेत नाही. याचा दुसरा अर्थ असा, की जानेवारीत पहाटे डोंगर चढायला लागलं की थंडी वाढत नाही, कमी होते.

पहिल्यांदा कुणाला हे पटत नाही. पेठ रस्त्याला आशेवाडीत गाडी लावून रामशेजची वाट धरली की सुरुवातीला कानटोपी, मफलर, हातमोजे, सगळा जामानिमा अंगावर असतो. अर्ध्या वाटेवर मफलर पिशवीत जातो. लोक म्हणतात चढल्यामुळे गरम झालं. असेलही, पण मी पिशवीला एक छोटा तापमापक लटकवून ठेवते आणि त्याला चढाचा दम लागत नाही. खाली गावात आठ दाखवत असतो, वर पोचून दहा मिनिटं सावलीत टांगला की अकरा-बारा. १६८२ पासून काही वर्षं ज्या किल्ल्याने औरंगजेबाच्या फौजेला झुलवलं, त्याच्या माथ्यावर बसून खाली पाहावं तर शहरावर धुराची आणि धुईची एक करडी चादर पसरलेली असते, आणि तिची वरची कड अगदी पट्टीने आखल्यासारखी सरळ. कड जिथे आहे तिथे खालची गार हवा संपते आणि वरची ऊबदार सुरू होते. आपण आठवडाभर त्या चादरीखाली श्वास घेत असतो, हे वरूनच दिसतं.

माझा एक मावसभाऊ गेली बरीच वर्षं अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीला राहतो. दादा मूळचा पंचवटीतला, शाळा बुडवून पांडवलेणीला जाणाऱ्यांपैकी. ही चादर मी त्याला फोनवर सांगितली तेव्हा तो हसायला लागला. त्यांच्या शहराची तर ही हिवाळ्यातली मोठी डोकेदुखी. एका बाजूला वासाच पर्वतरांग, दुसऱ्या बाजूला दुसरे डोंगर, मध्ये वाडगा. जानेवारीत त्या वाडग्यात गार हवा साचते, गाड्यांचा धूर वर निघू शकत नाही आणि दिवसच्या दिवस शहर काळवंडून जातं. मग लोक काय करतात? तेच, जे आम्ही करतो. वर जातात. फरक एवढाच की त्यांचं शहरच समुद्रसपाटीपासून १३०० मीटरच्या आसपास, म्हणजे आमच्या अंजनेरीचा माथा साधारण जिथे संपतो तिथे त्यांचा भाजीबाजार भरतो. आणि वर जाताना त्यांच्या पायाखाली बर्फ असतो.

दादा स्कीइंग करतो, पण लिफ्टला लटकून वर जायचं आणि घसरत खाली यायचं, तसलं नाही. त्याला लिफ्टचं तिकीट परवडत नाही असंही नाही. तो आणि त्याचे दोन मित्र कामावर जायच्या आधी, अंधारातच, डोक्याला दिवे लावून निघतात, स्वतःच्या पायांनी दोन तास बर्फ चढतात, पंधरा मिनिटांत खाली येतात आणि नऊला ऑफिसात हजर. जिथे कुणी बर्फ दाबून सारखा केलेला नाही, दोरी नाही, पाटी नाही, असा मोकळा डोंगर. हे ऐकून मावशी म्हणाली होती, "म्हणजे पैसे देऊन गेला असता तर बसून गेला असता, फुकट म्हणून चालत जातो." दादा म्हणाला, अगदी बरोबर.

एका फेब्रुवारीत मी त्याच्याकडे गेले. मला स्की येत नाही आणि त्या वयात यायचीही नव्हती, पण चढायला येतं ना, मग चल, म्हणाला. हिवाळ्यात वाहतुकीला बंद असलेल्या एका जंगलरस्त्यावर, अगदी सौम्य चढावर, त्याने मला उसन्या स्कीवर उभं केलं. आणि तिथे मी ती पट्टी पाहिली.

स्कीच्या तळाला एक लांब, फरसारखी पट्टी चिकटवतात. एका अंगाला डिंकासारखा गोंद, दुसऱ्या अंगाला आखूड दाट केस. पूर्वी सीलच्या कातड्याची असायची, म्हणून अजून तिला 'स्किन'च म्हणतात. आता नायलॉनची किंवा अंगोरा शेळीच्या केसांची. सगळे केस एकाच दिशेला, मागे झुकलेले. पाय पुढे सरकवला की केस लोळतात आणि स्की गुळगुळीत पुढे जाते. मागे घसरू लागली की तेच केस उभे राहून बर्फात रुततात आणि धरून ठेवतात. बुटाचं टोक अडकवलेलं, टाच मोकळी. त्यामुळे उचलायचं काही नाही, नुसतं सरकवायचं. माथ्यावर पोचलं की पट्ट्या ओढून काढायच्या, घडी करून जाकिटात पोटाशी ठेवायच्या, कारण गोंद गारठला तर पुन्हा चिकटत नाही. मग टाच खटकन अडकवायची आणि सुटायचं. हे शेवटचं मी केलं नाही. स्की खांद्यावर टाकून चालत खाली आले, त्यात कमीपणा कसला?

पण ती पट्टी मी हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट कुरवाळत बसले. दादाने विचारलं, काय बघतेस एवढं? म्हटलं, अरे हे तर कुसळ आहे.

डिसेंबरात आमच्या डोंगरांवर कुणी फिरलं असेल त्याला हे सांगायला नको. पावसाळ्यात जे हिरवंगार गवत पाहून लोक फोटो काढतात, तेच दिवाळीनंतर सोनेरी होतं आणि त्याला कुसळं धरतात. एक कुसळ घेऊन नीट पाहा. खाली टोकदार बी, त्यावर मागे वळलेले बारीक तांबूस केस, आणि वर लांबलचक, पीळ घातलेलं शेपूट. पायमोज्यात टोक शिरलं की केस त्याला मागे येऊ देत नाहीत. प्रत्येक पावलागणिक ते पुढेच सरकतं. शेपटाची करामत वेगळीच. ते कोरडं असताना पिळलेलं राहतं, दव लागलं की उलगडतं, ऊन आलं की पुन्हा पिळतं, आणि या फिरण्याने बी जमिनीत खुपसलं जातं. तळहातावर एक कुसळ ठेवून त्यावर थेंबभर पाणी टाका, ते सावकाश गोल फिरू लागतं. मुलांना डोंगरावर नेलं की मी हा खेळ दाखवते. किल्ल्याचा इतिहास ती विसरतात, हे विसरत नाहीत. पहाटेच्या दवात गवत ओलं असतं तोवर कुसळं त्या मानाने गप्प असतात; दहा वाजता ऊन तापलं, की उतरताना गुडघ्यापर्यंत सुया. म्हणून सुद्धा लवकर निघायचं.

ज्या दवाने आमची कुसळं फिरतात, त्याच्याच भावाला दादा घाबरून असतो. निरभ्र, शांत रात्री तिकडे बर्फाच्या पृष्ठभागावर हिमाची नाजूक, पिसांसारखी पातं उगवतात. सकाळच्या उन्हात इतकी सुंदर चमकतात की बघत राहावं. धोका नंतरचा. त्यावर नवा बर्फ पडला की ती पातं आत गाडली जातात आणि वरच्या थराला धरून ठेवायला खाली काही उरत नाही. मग एखाद्या उतारावर माणसाच्या वजनाने अख्खा थर सुटतो. तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार यासाठी सर्वात वाईट, आणि दुर्दैव असं की घसरायला मजाही नेमकी त्याच उतारावर येते. दादाच्या राज्यात, युटामध्ये, हिमस्खलनाचा अंदाज देणारं केंद्र रोज सकाळी धोका पाच पायऱ्यांमध्ये सांगतं. दादा चहाच्या आधी तो वाचतो. त्याने सांगितलेली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही: सर्वात जास्त माणसं चौथ्या-पाचव्या पायरीला मरत नाहीत, तिसऱ्या पायरीला मरतात. पाचव्या पायरीला कुणी घराबाहेरच पडत नाही. तिसऱ्या पायरीला मात्र प्रत्येकाला वाटतं, आजच्या दिवस चालून जाईल.

गाडी लावल्या लावल्या ते एकमेकांची यंत्रं तपासतात. छातीला बांधलेलं एक छोटं बीकन असतं, ते सतत खुणेचे सिग्नल सोडतं. कुणी गाडला गेला तर बाकीच्यांनी त्याच सिग्नलवर त्याला शोधायचं, लांब सळईने टोचून जागा नक्की करायची, फावड्याने उकरायचं. पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर बहुतेक माणसं वाचतात, पुढे आशा झपाट्याने कमी होते. म्हणजे मदतीला हेलिकॉप्टर येणार, पथक येणार, हे सगळं ठीक. वाचवणार तो बरोबरचाच. त्यामुळे दादा कुणाबरोबरही जात नाही. ज्याच्याबरोबर 'आज नको' म्हणता येतं, त्याच्याबरोबरच जातो.

आमच्याकडे असलं केंद्र नाही. आमचा अंदाज गावात मिळतो, फुकट, आणि विचारला तरच. थंडीत आमच्या कातळकड्यांवरचा खरा धोका म्हणजे आग्या मोहोळ. कड्याच्या पुढे आलेल्या छपरांखाली काळपट, हातभर रुंदीची पोळी लटकत असतात. लांबून दगडावरचा ओघळ वाटतो. जवळ गेल्यावर त्यावरून एक थरथर सरकत जाते, तेव्हा कळतं. धूर, अत्तराचा वास, आरडाओरडा, वरून उडणारा ड्रोन, काहीही पुरतं. कधी मधुबाज पोळ्यावर झडप घालतो आणि त्याची शिक्षा खालून चाललेल्या माणसांना होते. दोर लावून चढणाऱ्यांना तर पळायलाही जागा नसते. मोबाइलवरच्या नकाशात वाट दिसते, मोहोळ दिसत नाही. ते गुरं घेऊन जाणाऱ्या पोराला माहीत असतं.

मागच्या जानेवारीत धोडपला गेलो होतो. वडाळीभोईहून आत वळून हट्टीला गेलं की समोर ती भिंत उभी राहते, माथ्याच्या टोकाला मधोमध खाच पाडलेली. लाव्हाचा तप्त रस भेगेत घुसून थिजला, आजूबाजूचा खडक झिजून गेला आणि हा चिवट पापुद्रा उभा राहिला. १४७२ मीटरवरून सातमाळेची अख्खी रांग दिसते: एका बाजूला रवळ्या-जावळ्या, मार्कंड्या, सप्तशृंग, दुसऱ्या बाजूला कांचन, राजधेर, इंद्राई. आमच्यातले एक काका एसटीतून निवृत्त झालेले. त्यांना ही नावं थांब्यांसारखी पाठ आहेत आणि ते ती त्याच आवाजात पुकारतात. तर त्या दिवशी आम्हाला भिंतीच्या पायथ्याने त्या खाचेकडे जायचं होतं. ज्या घरी चहाला थांबलो त्या मावशी चुलीत काटक्या सारत म्हणाल्या, "तिकडून नका जाऊ ताई, पोळी बसलीत औंदा. परवा मेंढरांवर उठल्या होत्या माश्या." काकांनी एका शब्दाने वाद घातला नाही. चहा संपवला, "मग आज माचीवरच," म्हणाले. मावशींनी भाकरी थापायला घेतली, आणि तेवढ्यात विचारलं, "एवढ्या थंडीत कशाला येता? घरी गोधड्या नाहीत का?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. आणि खरं सांगायचं तर थंडीचं कौतुक करताना मला जिल्ह्यात जरा आवाज खाली ठेवावा लागतो. पिंपळगावकडे माझ्या एका मैत्रिणीची द्राक्षबाग आहे. ज्या रात्री मी निफाडचा आकडा बघून पहाटेच्या चढाईसाठी बूट काढून ठेवते, त्या रात्री ती झोपत नाही. पारा फार उतरला की मण्यांची फुगवण थांबते, साखर भरायला उशीर होतो, आणि दिवसा ऊन, रात्री गारठा असा फरक वाढला की पांढऱ्या वाणाचे मणी गुलाबी पडतात. निर्यातीच्या मालाला तो गुलाबी रंग चालत नाही. एकदा मी तिच्याकडे मुक्कामाला होते. पहाटे चारला आम्ही बागेत गेलो. ठिबक सुरू केलं, कारण विहिरीचं पाणी हवेपेक्षा ऊबदार असतं आणि मुळांपाशी तेवढीच धग राहते. मग ओळींच्या टोकांना छाटणीच्या काड्या आणि पाचट रचून शेकोट्या. ज्वाळा नकोत, धूर हवा. म्हणून वरून ओलं गवत. धूर उठला, पाच-सहा फुटांवर जाऊन थबकला, आणि मांडवाखालून आडवा पसरत गेला. इथेही तीच कड, पट्टीने आखलेली, फक्त माझ्या डोक्याच्या उंचीवर. डोळ्यांतून पाणी येत होतं. ती घडाला बॅटरी लावून मण्यांवरचं दहिवर पुसून बघत होती. म्हणाली, "तुम्हाला थंडी पडावीशी वाटते ना? पडू द्या, पण डिसेंबर संपायच्या आत." शेजारच्या रानात गहू आणि हरभरा मात्र मजेत होते. त्यांना थंडी मानवते. म्हणजे बांधाच्या एका बाजूला नवस आणि दुसऱ्या बाजूला शिव्या.

दादाकडे अशी भांडणं नाहीत. त्याच्या राज्यातल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवरसुद्धा 'पृथ्वीवरचा सर्वोत्तम बर्फ' अशी जाहिरात असते. तिथे थंडी सगळ्यांनाच हवी, कारण डोंगरावरचा बर्फ हेच उन्हाळ्यातलं पाणी. मला मात्र हे भांडण अंगवळणी पडलं आहे, आणि त्याशिवायचा हिवाळा जरा मोकळा मोकळा वाटेल.

नाशिकहून हल्ली बरीच पोरं गुलमर्ग, औलीला दोन-दोन आठवड्यांच्या स्की कोर्सला जातात. जरूर जावं. गुलमर्गची गोंडोला, म्हणजे तारेवरचा पाळणा, अफरवट डोंगराच्या खांद्यावर जवळजवळ चार हजार मीटरपर्यंत नेऊन सोडते, आणि हद्दीच्या दोरीपलीकडे लगेच मोकळा डोंगर सुरू होतो. तिथे जायचं तर आधी कुणाकडून तरी बर्फ वाचायला शिका, एवढंच. पण परत आल्यावर यातले बरेच जण घरच्या डोंगराकडे ढुंकून बघत नाहीत, याचं मला नवल वाटतं. एका हिवाळ्यात एकदा गेलेला डोंगर आपल्याला काही सांगत नाही. तोच डोंगर नोव्हेंबरात, मग संक्रांतीला, मग शिवरात्रीला पाहावा. उत्तरेच्या अंगाला ऊन कमी, तिथलं गवत महिनाभर उशिरा वाळतं आणि कातळावरचं शेवाळं डिसेंबरातही पाय घसरवतं. दक्षिणेकडे त्याच वेळी मुरूम भुसभुशीत होऊन निसटायला लागलेला असतो. दादाही हेच बघतो, कुठल्या अंगाला किती ऊन लागलं. बर्फ असो की घसारा, सवय तीच.

आता कुठे जावं, असं कुणी विचारलं तर मी आधी कुठे जाऊ नये ते सांगते. रविवारी हरिहरला जाऊ नका. १८१८ मध्ये इंग्रजांनी या भागातल्या किल्ल्यांच्या वाटा सुरुंग लावून उडवल्या, त्यातून या कातळकोरीव पायऱ्या वाचल्या. आता त्यांच्यावर माणसं एकामागे एक अडकून उभी असतात, वरच्याला खाली यायचंय आणि खालच्याला सेल्फी घ्यायचाय. अंजनेरीला जा, पण हळू बोला. तिथल्या कड्यांवर लांब चोचीच्या गिधाडांची घरटी आहेत आणि त्यांचा वीण हंगाम हाच. पहाट जमत नसेल तर नांदूरमध्यमेश्वर. २०२० मध्ये महाराष्ट्रातली पहिली रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची, पाणथळ जागा म्हणून ते जाहीर झालं, आणि तिथे दिसणारे पट्टकादंब हिमालय ओलांडून आलेले असतात, कुठल्याही कोर्सशिवाय. दोन दिवस असतील तर बागलाणात साल्हेर: १५६७ मीटर, राज्यात कळसूबाईखालोखाल, आणि खाली ते मैदान जिथे फेब्रुवारी १६७२ मध्ये मराठ्यांनी मोगलांना समोरासमोर हरवलं. सैन्यालाही थंडीचेच दिवस सोयीचे.

हे सगळं फार तर अडीच महिने. फेब्रुवारी सरता सरता वणवे लागतात. काही आपसूक नाहीत, लावलेले. वनखात्याने काढलेल्या जाळरेषा ओलांडून आग माचीवर चढते, आणि सोन्यासारखा डोंगर रात्रीत काळा होतो. त्याच्या आत काय ते उरकायला हवं. सुट्टीची वाट पाहू नका. मधल्या वारी, पहाटे पाचला निघालात तर साडेनऊला मिसळ खाऊन ऑफिसात पोचता. बरोबर 'आज नको' म्हटल्यावर तोंड वाकडं न करणारं एक माणूस घ्या, गावात चहाला थांबा, पोळ्यांची चौकशी करा. आणि पायमोजे जुने घाला. एकदा कुसळं भरली की ते धुऊन उपयोग नसतो, टाकूनच द्यावे लागतात.